उसने, उधार आणि ‘अवॉर्ड’

मार्च 2025, एडिसन

या दिवसांत आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन प्रकारची पत्रं येतात. पहिल्यात कॉलेज म्हणतं, तुमच्या मुलाला घेतलं. त्यावर पेढे वाटले जातात, फोटो सांगली-सोलापूरपर्यंत जातात. दुसरं पत्र पैशांचं. ते घेऊन लोक माझ्याकडे येतात. तीस वर्षं हिशेब लिहिण्यात गेली, आता रिकामा आहे. सल्ल्याचे पैसे घेत नाही. चहा मात्र येणाऱ्याने करायचा.

*

वरच्या मजल्यावरची सांगलीची मुलगी आली. मुलगी कसली, तिचीच लेक आता कॉलेजला निघाली. हातात फोन. “काका, शेवटी बाकी शून्य लिहिलंय. म्हणजे काहीच भरायचं नाही ना?”

पत्र खाजगी कॉलेजचं. वर्षाचा एकूण खर्च 78,400 डॉलर. त्याखाली ‘तुमचं अवॉर्ड’ या मथळ्याखाली चार ओळी: कॉलेजची ग्रँट 31,000, विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज 5,500, वर्क-स्टडी 2,800, पॅरेंट प्लस 39,100. बेरीज अगदी जुळते. बाकी शून्य.

मी पेन घेतलं आणि 31,000 च्या खाली आडवी रेघ मारली. म्हटलं, “रेघेच्या वरचं तुझं. खालचं सगळं तूच भरणार आहेस, आज ना उद्या. 47,400.” ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा उतू गेला.

*

पॅरेंट प्लस म्हणजे आईबापांनी काढायचं कर्ज. ते ‘अवॉर्ड’मध्ये कसं काय बसतं? वाण्याने वहीत आपल्या नावावर उधारी मांडली आणि वर ‘भेट’ असं लिहिलं, त्यातलाच हा प्रकार.

*

आपल्या भाषेत पैशाच्या येण्याजाण्याला किती वेगवेगळे शब्द आहेत. हातउसने घेतले तर व्याज नाही, पण वेळेवर परत न केले तर तोंड लपवावं लागतं. उधारी वाण्याकडची. कर्ज सावकाराचं किंवा बँकेचं. मदत, बक्षीस, देणगी, मजुरी, उचल. कोणता पैसा परत करायचा आणि कोणता नाही, हे शब्दातच कळतं. इथल्या पत्रात या सगळ्यांना एकच गुळगुळीत शब्द.

आणि कर्जालाही कर्ज म्हणायची लाज. न्यू अमेरिका आणि यूअस्पायर या दोन संस्थांनी 2018 मध्ये अशी पत्रं गोळा करून तपासली. एकाच सरकारी अनसबसिडाइज्ड कर्जाला 455 कॉलेजांनी मिळून 136 वेगवेगळी नावं दिली होती. त्यातल्या 24 नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2022 च्या डिसेंबरात अहवाल दिला. सुमारे 91 टक्के कॉलेजं खरी निव्वळ किंमत एक तर सांगतच नाहीत किंवा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. म्हणजे वरच्या मजल्यावरची पोरगी भोळी नव्हती. पत्रच तसं लिहिलेलं होतं.

*

मीही फसलोय. 2009 साली थोरलीच्या वेळी मी सगळ्या ओळींची बेरीज करून बायकोला म्हणालो होतो, “बघ, एवढं देतायत!” जन्मभर जमा-नावे लिहिणारा माणूस. कॉलेजचं नाव लिहीत नाही. हप्ते मात्र बरीच वर्षं लिहिले.

*

एप्रिलचा पहिला आठवडा

तिचं दुसरं पत्र सरकारी विद्यापीठाचं. एकूण 38,000, ग्रँट फक्त 4,000. “काका, यांनी काहीच दिलं नाही.” तिकडे 31,000 ‘मिळाले’, इकडे 4,000. रेघ मारून दोन्ही शेजारी ठेवले: 47,400 आणि 34,000. वर्षाला 13,400 चा फरक. चार वर्षांचे किती, ते तिने स्वतःच फोनवर केलं.

लग्नाच्या साडीवर दुकानात चाळीस टक्के सूट बघून घरी महागाचीच साडी येते. तसं हे.

*

कर्जाच्या ओळीतही दोन जाती. सबसिडाइज्ड म्हणजे शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. आपल्या हातउसन्याच्या जवळचं. अनसबसिडाइज्डवर पहिल्या दिवसापासून व्याज. पहिल्या वर्षाला दोन्ही मिळून जास्तीत जास्त 5,500, त्यात सबसिडाइज्ड 3,500 च्या वर नाही. दुसऱ्या वर्षी 6,500, पुढे 7,500, आणि पदवीपर्यंत एकूण 31,000. ही मर्यादा मला आवडते. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला यापेक्षा जास्त बुडू देत नाही. बुडायची मोकळीक आईबापांना.

*

फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीसाठी भरायचा फॉर्म. त्यातून स्टुडंट एड इंडेक्स नावाचा आकडा निघतो. तो उणे 1,500 पर्यंतही जाऊ शकतो, आणि गरजेनुसार मिळणारी सरकारी मदत त्यावर ठरते. सगळ्यात गरजूंना पेल ग्रँट, यंदा जास्तीत जास्त 7,395. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाची. ही परत करायची नाही.

आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न: “कोथरूडचा फ्लॅट दाखवायचा का?” दाखवायचा. आपण राहतो ते घर फॅफ्सात धरत नाहीत, निवृत्तीचे 401(के) धरत नाहीत. पण पुण्यातला फ्लॅट म्हणजे दुसरी मालमत्ता. तिच्यावर आईबापांच्या खात्यात जास्तीत जास्त 5.64 टक्के मोजतात. एक लाख डॉलर किंमत असेल तर इंडेक्स साडेपाच हजारांनी वाढू शकतो. मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशांवर मात्र 20 टक्के. आजीने नातीच्या नावाने ठेवलेली एफडी अशी अंगावर येते.

“पण काका, तो फ्लॅट सासूबाईंसाठी आहे.” सासूबाई तिथे राहतात हे फॉर्मला कळत नाही. दर महिन्याला सांगलीला पाठवलेले पैसे कळत नाहीत. आईवडील आपल्या घरात राहत असतील तरच कुटुंबात मोजले जातात. कुटुंब म्हणजे एका छपराखालची माणसं, एवढंच फॉर्मला ठाऊक.

सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा फॉर्म काही खाजगी कॉलेजं मागतात. तो जास्त खोदून विचारतो, राहत्या घराचीही किंमत विचारतो. पण शेवटी एक जागा असते, आपली हकिगत लिहायला. तिथे सांगलीचं लिहावं. मोजतीलच असं नाही, पण वाचतात.

*

एकाच घरातल्या दोन मुली. थोरली पुण्यात जन्मली, धाकटी इथे. बापाचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं. धाकटी नागरिक, तिला फॅफ्सा भरता येईल. आईबापांच्या व्हिसाने तिचं काही अडत नाही. थोरली एच-4 वर, म्हणजे आईबापांच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. तिला सरकारी मदत नाही, सरकारी कर्ज नाही, वर्क-स्टडी नाही, कॅम्पसवर कॉफी विकायचीही परवानगी नाही. एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपतो. इथल्याच शाळेत बालवाडीपासून शिकलेली मुलगी.

तिच्या वडिलांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं. राज्याच्या विद्यापीठात रहिवाशाची फी लागू होते का ते लेखी विचारा. कॉलेजच्या स्वतःच्या गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या काही ठिकाणी व्हिसा बघत नाहीत, त्यांची यादी करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी मूठभर कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना पैशाची ऐपत बघत नाहीत आणि लागेल तेवढी मदत करतात. पण तिथे आत शिरणं म्हणजे आषाढीला गाभाऱ्यात शिरणं.

*

वर्क-स्टडीबद्दल सगळ्यांचा गैरसमज. 2,800 लिहिलेत म्हणून बिलातून 2,800 कमी होत नाहीत. काम शोधायचं, करायचं, दर पंधरवड्याला मजुरी घ्यायची. काम मिळेलच याचीही हमी नाही. बिल ऑगस्टात, मजुरी ऑक्टोबरात.

माझे वडील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’मध्ये होते. पहाटे शेतात खुरपं, मग वर्ग. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या त्या योजनेत कामाला ‘काम’ म्हणत, हे वडिलांना फार आवडायचं. केंटकीत बेरिया नावाचं कॉलेज आहे. तिथे 1892 पासून शिकवण्याची फी घेत नाहीत, पण प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावंच लागतं. वडिलांना हे सांगायचं राहून गेलं.

*

एप्रिल, मधला कधीतरी

एका गृहस्थांची नोकरी जानेवारीत गेली. आयटी, दुसरं काय. पण यंदाचा फॉर्म 2023 च्या उत्पन्नावर, आणि 2023 त्यांचं सोन्यासारखं गेलेलं. कॉलेजच्या मदत कार्यालयाला अशा वेळी आकडा बदलायचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. म्हटलं, एक पानी पत्र लिहा, नोकरीवरून काढल्याचा कागद जोडा, दवाखान्याची बिलं असतील तर तीही. तीन दिवस त्यांनी लिहिलं नाही. “मागायला बरं वाटत नाही.” ही आपली भीड. शेवटी त्यांच्या बायकोने लिहिलं, आठ ओळींत. ग्रँट 6,000 ने वाढली.

*

बाहेरच्या शिष्यवृत्त्या. मंडळाने पाचशे दिले, बँकेने हजार, मुलगा खूष. कॉलेजने आपली ग्रँट दीड हजाराने कमी केली. हा डाव इतका जुना आहे की मेरीलँड राज्याने 2017 मध्ये सरकारी कॉलेजांना तो कायद्याने बंद केला. म्हणून आधीच विचारायचं: बाहेरचे पैसे आले तर तुम्ही कर्जाची ओळ कमी करता की ग्रँटची?

आणि दुसरा प्रश्न: ही ग्रँट चारही वर्षं आहे का? किती गुणांच्या अटीवर? पहिल्या वर्षी भरघोस देऊन पुढे हात आखडणारे पुष्कळ.

*

अटींवरून आठवलं. नदीपलीकडे कोलंबिया विद्यापीठ. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे आले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानात नोकरी. म्हणजे ग्रँट, पण सेवेच्या अटीवर. 1917 मध्ये ते अट पाळायला बडोद्याला गेले आणि त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. देणाऱ्याचं मन मोठं होतं, गाव नव्हतं.

लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला ते 1920 मध्ये पुन्हा निघाले. तेव्हाचा पैसा कुठून आला? सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने. शिल्लक, मदत, उसने. प्रत्येक रुपयाचं नाव ठाऊक असलेला हिशेब. अर्थशास्त्राच्या डॉक्टरेटला निघालेल्या माणसाचा तो असणारच म्हणा.

*

मे

1 मे ही बहुतेक कॉलेजांची हो-नाही कळवायची मुदत. सांगलीच्या मुलीची लेक 30 एप्रिलच्या रात्री रडली, मग सरकारी विद्यापीठाला हो म्हणाली. आईने तिला सांगितलं, “13,400 गुणिले चार.” मी असतो तर मला ते सांगवलं नसतं.

आमच्याच गावात मिडलसेक्स कॉलेज आहे, दोन वर्षांचं काउंटी कॉलेज. वर्गातल्या वरच्या पंधरा टक्क्यांत असलेल्या मुलांना एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेतून तिथली शिकवण्याची फी माफ होते. दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं आणि पदवीवर नाव त्या विद्यापीठाचंच येतं. मी हे दरवर्षी सुचवतो. दरवर्षी समोरची माणसं चहाच्या कपात बघतात. फोटो सांगलीला कसा पाठवायचा, हा खरा प्रश्न.

*

जुलै

4 जुलैला नवा कायदा झाला. 1 जुलै 2026 पासून नव्याने काढलेलं पॅरेंट प्लस एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 च्या वर जाणार नाही. म्हणजे 39,100 ची ती ओळ पुढच्या वर्षी नव्या मुलांच्या पत्रात अशी लिहिता येणार नाही. लोक हळहळतायत. उरलेली रक्कम खाजगी बँकांकडे वळेल हे खरं, आणि तिथले दर आणखी बोचतील. तरीही 8.94 टक्क्यांच्या कर्जाला, वर चार टक्क्यांहून जास्त शुल्क कापून घेणाऱ्या, कुठे तरी कुंपण पडलं याचं मला वाईट वाटत नाही.

*

ऑगस्ट

बिल आलं. सांगलीची मुलगी धावत खाली. “काका, पत्रात नव्हतं ते! आरोग्य विमा, दोन हजारांच्या वर.” लेक बापाच्या कंपनीच्या विम्यात आहे, सव्वीस वर्षांची होईपर्यंत राहू शकते. कॉलेज मात्र सगळ्यांच्या बिलात आपला विमा घालतं, आणि नको असेल तर आपणच नको म्हणून कळवायचं. वेव्हरचा फॉर्म, मुदत शुक्रवार.

गुरुवारी रात्री दोघी मायलेकी माझ्या टेबलाशी बसल्या. लेकीने फॉर्म भरला, विम्याच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो चढवले. सोमवारी बिलातून ती ओळ गेली. चहा या वेळी मी केला.