ओझं खाली, कागद वर

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून येणाऱ्या गाड्या सुरतेच्या उधना स्थानकात थांबल्या, की माणसांच्या बरोबरीने पोती उतरतात. नवा गहू, दादर, उडदाची डाळ, लाल मिरची, पापड, कुरडया, बिबडे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या, पण वर्षाची बेगमी गावाकडून आणायची सवय सुटलेली नाही. गावच्या घरात या पोत्यांची जागा ठरलेली होती. सुरतेच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती शोधावी लागते, आणि हा शोध म्हणजे एक कसब आहे.

धाब्याच्या घराची भिंत चांगली हात-दीड हात जाड. तिच्या पोटातच दिवळी, कोनाडा, फडताळ, धान्याला बळद नाहीतर कणगी, कोपऱ्यात उतरंड. शहरातली भिंत साडेचार किंवा नऊ इंचांची. गावाकडे जे सामान भिंतीत राहायचं, ते इथे भिंतीपुढे येऊन उभं राहतं आणि माणसांच्या वाट्याची जमीन अडवतं. गोदरेजने १९२३ मध्ये लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढे लग्नात कपाट देणं रीतीचं झालं. चांगली, टिकाऊ वस्तू. पण छोट्या खोलीत तिची पावणेदोन फूट जाडी पलंगाइतकीच जाणवते.

सुरतेच्याच वराछ्यात राहणाऱ्या सौराष्ट्रातल्या कुटुंबांचीही कथा फारशी वेगळी नाही. त्यांच्या गावी ठेवणीतल्या कपड्यांना पटारा आणि मजूस, गोधड्यांची चवड रचायला डामचियो, आणि दारांच्या चौकटीच्या उंचीवरून खोलीभर फिरणारी अभराई. तिच्यावर पितळेचे हंडे, तपेली, ताटं एका रांगेत मांडलेली. या सगळ्यांत शहराला सर्वांत उपयोगी पडेल अशी वस्तू कुठली असेल, तर ती अभराई. ती जमिनीवरची एक वीतही घेत नाही. रुंदीला नऊ-दहा इंच, त्यामुळे वस्तू एकाच ओळीत बसते आणि तिच्या मागे दुसरी काही लपत नाही. खालून मान वर केली की सगळं दिसतं.

आजचा पोटमाळा नेमका इथेच फसतो. तो दोन फूट खोल असतो, आणि त्यामागचं कारण घरातल्या गरजेत नसून प्लायवूडच्या मापात आहे. शीट आठ बाय चारची. मधोमध कापली की दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात आणि तुकडा वाया जात नाही. मिस्त्रीला ते सोयीचं, घरमालकालाही जास्त जागा मिळाल्यासारखी वाटते. पण स्टुलावर उभ्या राहिलेल्या बाईचा हात माळ्यात जेमतेम दीड फूट आत पोचतो. त्यापलीकडे जे गेलं, ते पुढच्या दिवाळीच्या साफसफाईलाच निघतं. जुनी फिरकी, मुलाच्या सायकलची चाकं, फुटक्या झाकणाचा कुकर ही मंडळी तिथली कायमची रहिवासी.

उपाय दोन आहेत. नवा माळा करायचा असेल तर एका भिंतीवर दोन फुटी करण्याऐवजी दोन भिंतींवर सव्वा-सव्वा फुटाचा करावा. माळा आधीच असेल तर त्याच्या आतल्या मापाइतक्या लांबीच्या पेट्या घ्याव्यात, पुढच्या बाजूला कडी असलेल्या. कडी धरून ओढली की मागचा भागही पेटीबरोबर बाहेर येतो. पेटी मात्र एका माणसाला उचलता येईल इतकीच भरावी.

कपाटातही असंच माप चुकतं. सगळे कप्पे सारख्या उंचीचे केले की कपाट देखणं दिसतं, पण घडी केलेल्या साड्यांच्या चवडीला दहा इंच पुरतात आणि पंधरा इंची कप्प्यात वरचे पाच इंच नुसती हवा. एवढीच हवा सहा कप्प्यांत साठली की अडीच फूट गेले. म्हणून कपाट मोजण्याआधी सामान मोजावं. सगळ्यांत उंच डबा, सगळ्यांत जाड रजई, साडीची घडी, मुलांची वह्या-पुस्तकं, आणि मग फूट, इंच, सुताचा हिशेब. काम हाती घेणाऱ्याने तर आधी घरातला एक पूर्ण दिवस बघावा. कोणती वस्तू सकाळी किती वेळा लागते, कोण ती काढतं, त्या माणसाची उंची किती, हे कळल्याशिवाय आराखडा कागदावर उतरवू नये.

जर्मनीत फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी १९२६ मध्ये स्वयंपाकघराचा जो आराखडा केला, त्यामागेही बाईची पावलं आणि हात मोजण्याचीच दृष्टी होती. सुमारे १.९ बाय ३.४ मीटरची जागा. तिच्यात तांदूळ, साखर, डाळींसाठी दांड्याचे अॅल्युमिनियमचे खण, प्रत्येकावर नाव. खण बाहेर ओढायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं. पिठाचा खण तेवढा ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाने पिठातली कीड दूर राहते असा अनुभव होता.

सुरतेत मात्र उंचीचा विचार हाताच्या पोचेवर संपत नाही. इथे पाणी आहे.

तापीवरचं उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. ऑगस्ट २००६ मध्ये तिथून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्या घरांत काय उरलं, ते पाहिलेल्या माणसाची कपाटाकडे बघायची नजरच बदलते. भुशाच्या पाट्यांची कपाटं फुगून फुटलेली, लोखंडी कपाटांचे दरवाजे चिखलाने घट्ट बसलेले, आणि सर्वांत खालच्या खणात जपून ठेवलेल्या कागदांचा लगदा. तापीचा असा महापूर रोजचा नव्हे. लिंबायतच्या मिठी खाडीचं पाणी मात्र अलीकडच्या पावसाळ्यांतही घरांत शिरलं आहे, आणि त्या खाडीपुराला कपाटाचा खालचा कप्पा गाठायला फार वेळ लागत नाही.

म्हणून इथल्या घराची मांडणी वस्तूच्या दोन गुणांवर ठरवावी: ती जड किती, आणि भिजली तर काय होईल. पितळ-स्टीलची मोठी भांडी, पाटा-वरवंटा, हत्यारं खाली. ती धुऊन पुन्हा वापरता येतात आणि डोक्यावर पडण्याचा धोकाही राहत नाही. रोजचं सगळं गुडघ्यापासून डोळ्यांच्या रेषेपर्यंत. हलकं पण भिजू न देण्यासारखं सगळं वर. ओट्याखालचे कप्पे प्लायवूडचे न करता कडाप्प्याचे करावेत. जिथे लाकूडच हवं तिथे पाण्यात टिकणारा आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. तो महाग पडतो, पण तळमजल्यावर दुसरा पर्याय सुचवणं बरोबर नाही. कपाट भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवलं तर पावसाळ्यात मागे बुरशीही कमी धरते.

याच घरांतून बायका साड्यांना लेस लावतात, डायमंड चिकटवतात, धागे कापतात. कामाचा गठ्ठा बाजारातून येतो, तयार होऊन परत जातो, आणि पैसे नगावर मिळतात. एका साडीवर हळदीचा डाग पडला तर त्या दिवसाची मजुरी गेली. अशा घरात सेटीच्या पोटातली जागा रिकामी दिसते म्हणून गठ्ठा तिथे टाकणं चुकीचं. तो जमिनीलगत, आणि शेजारी लोणच्याची बरणी. भिंतीवर साडेपाच फुटांवर एक फळी फक्त कामासाठी राखून ठेवावी, तिला पडदा लावावा, आणि घरचं काहीही तिच्यावर ठेवू नये. जी वस्तू घराला रोज पैसे मिळवून देते, तिला घरातली सर्वांत चांगली जागा मिळायलाच हवी.

राहता राहिली उधन्याला उतरलेली पोती. वर्षाच्या तीन क्विंटल गव्हाला साधारण चारशे लिटर जागा लागते. शहरात सहा महिन्यांचाच गहू भरावा. निम्मी जागा मोकळी होते आणि दमट हवेत सोंडे लागायचा धोकाही घटतो. धान्याला कडक ऊन दाखवावं, रात्रभर गार होऊ द्यावं, मगच कोठीत भरावं. गरम धान्य झाकलं की आत ओल धरते. किडीला एरंडेल किंवा कडुलिंबाचा पाला पुरेसा आहे. धूर देणाऱ्या, गुदामात वापरायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या वायूने झोपेत माणसं दगावली आहेत.

उकाईची पातळी धरण पूर्ण भरल्याच्या ३४५ फुटांकडे सरकू लागली, की सुरतेत सगळ्यांच्या तोंडी तोच एक आकडा असतो. तेव्हा कपाटं रिकामी करायला वेळ मिळत नाही. म्हणून पहिला पाऊस पडायच्या आत रेशनकार्ड, घराचे कागद, मुलांचे दाखले, बँकेची पुस्तकं एका बंद डब्यात घालून सर्वांत वरच्या फळीवर ठेवा, आणि डबा कुठे आहे ते घरातल्या शाळकरी मुलालाही सांगून ठेवा.