पुडी, बिडी आणि गोळी

"डॉक्टर, तेवढी एक पुडी तरी असू दे त्याची. गोळ्या मुकाट घेतो त्यापायी." आया हे काकुळतीने सांगतात. विशीतला मुलगा, स्किझोफ्रेनियामुळे कॉलेज सुटलेलं, मित्र पांगलेले. त्याच्या सुखाचं एवढंच उरलंय, असं त्यांना वाटतं. तरीही मी ती पुडी असू देत नाही. या आजारात माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. आजारी आहे म्हणून तंबाखू माफ, ही दया त्याच्याच जिवावर उठते.

"त्याने डोकं शांत राहतं," असं मुलं म्हणतात. राहतं, पण थोडा वेळ. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं, की चिडचिड सुरू, कशात लक्ष लागत नाही. आधीच्या पुडीने आणलेली बेचैनी पुढची पुडी घालवते. घरच्यांना मात्र आजारच उसळल्यासारखा वाटतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालेलं त्यात दिसलं. मानसिक आजार असलेल्यांचंही.

बिडी-सिगारेटची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर जोमाने काम करू लागतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं भराभर शरीराबाहेर जातात. वॉर्डात बिडी बंद होते, आठवडाभरात औषधाची रक्तातली पातळी चढते. मुलगा दिवसभर पेंगतो, क्लोझापिनवर असेल तर उशी लाळेने भिजते. मात्रा तेव्हाच उतरवावी लागते. घरी जाऊन त्याने पुन्हा बिडी पेटवली, की पातळी घसरते, भासाचे आवाज परत येतात आणि "गोळी लागू पडेना" म्हणून सगळे हवालदिल. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे. तंबाखू-चुना, मावा, खर्रा यांनी तो होत नाही. २०१६-१७च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे होते, ओढणारे ३.८ टक्के. म्हणून नुसतं "व्यसन आहे का?" विचारून भागत नाही. काय, किती, कधीपासून, हे विचारावं लागतं, आणि तेही वडिलांना बाहेर बसवून.

तंबाखू सोडवण्यासाठी निकोटिनचं च्युइंगगम देताना मी मुलासमोर एक गोळी फोडतो. चार-सहा वेळा चावायची, झणझणलं की गालात दाबून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा चावायची. बार भरणाऱ्याला गालात दाबणं शिकवावं लागत नाही. पण रस गिळला तर उचकी लागते, जळजळतं. चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं.

तंबाखू सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या औषधाने मन बिघडेल अशी भीती असायची. २०१६ साली लॅन्सेटमध्ये आठ हजारांवर लोकांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, आणि ती भीती खरी ठरली नाही. तरी हे औषध अठरा वर्षांखालच्यांना मी देत नाही. त्यांच्या बाबतीत भर बोलण्यावर, आणि घरावर. पंधराव्या वर्षी उदासी घेऊन आलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती दुकानातून पुडी आणवू नका, हे मी आजोबांनाही सांगतो. कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकताच येत नाही.

बिडी सोडायचं ठरलं, की आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांना कळवा, मात्रा त्यांना ठरवू द्या. पुन्हा सुरू झाली तर तेही लपवू नका; रागावणार नाही. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.