कमावणीचं काय झालं?

संपादकांनी ‘प्राडा आणि कोल्हापुरी’ या विषयावर लेख मागितला. पण ती हकिकत आता सगळ्यांना पाठ आहे. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. इकडे गदारोळ उठल्यावर कंपनीने उगम मान्य केला. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार या चर्मोद्योग महामंडळांशी दोन हजार जोडांचा करारही झाला. या सगळ्या महिन्यांत पट्टा, वेणी, अंगठा आणि किंमत यांवर रकानेच्या रकाने छापून आले. चामड्याविषयी कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. माझं आयुष्य चामडं पारखण्यात आणि शिकवण्यात गेलं आहे, म्हणून मी लिहिणार ते त्याच्याविषयीच.

गेल्या वर्षी एक मुलगी शिकायला आली. पुण्यात डिझाइनचं शिक्षण झालेलं, हात विलक्षण स्वच्छ, शिलाईचा टाका टाक्याला मिळणारा. तिने ऑनलाइन मागवलेल्या चामड्याची बॅग शिवून आणली होती. ‘शंभर टक्के अस्सल लेदर’ असा शिक्का होता आणि तो खोटाही नव्हता. सहा महिन्यांत घडीवर पापुद्रे सुटले. मी कड कापून दाखवली. आत जनावराच्या कातड्याचा खालचा, तंतूंचा भुसभुशीत थर, आणि वर प्लास्टिकचा मुलामा देऊन उठवलेले खोटे दाणे. चांगल्या हाताची मेहनत वाईट चामड्यावर वाया गेलेली पाहिली की मला अजूनही त्रास होतो.

कातड्याची बरीचशी ताकद वरच्या दाणेदार थरात आणि त्याच्या लगेच खालच्या घट्ट विणीत असते. जाडी कमी करण्यासाठी कातडं आडवं चिरलं, की खालचा तुकडाही ‘चामडं’ म्हणूनच विकला जातो. शिवाय एकाच कातड्यात जागेजागेचा फरक असतो. पुठ्ठ्याचा, म्हणजे जनावराच्या मागच्या बाजूचा, भाग घट्ट, पाठ एकसारखी, मान सुरकुतलेली, पोट सैल आणि ताणणारं. तळाला पुठ्ठा घ्यावा, पट्ट्याला पोट कधी घेऊ नये. दाणे आत येतील असं चामडं दुमडून पाहावं. बारीक घट्ट सुरकुत्या आल्या तर घ्यावं, मोठे फुगीर पापुद्रे उठले तर ठेवून द्यावं.

आता कमावणी. कच्चं कातडं कुजतं, कारण त्यातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाला पाणी आणि जिवाणू फोडतात. कमावणी म्हणजे त्या तंतूंना टिकाऊपणे बांधून ठेवणं. आपल्याकडे हे काम बाभळीची साल आणि हिरडा करत आले. चुन्याच्या पाण्यात केस सोडवून, मांस खरवडून घ्यायचं. मग कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत साल-हिरड्याचा अर्क भरून ते टांगायचं. अर्क कातड्यातून झिरपून खाली येतो, तोच पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. हे लोणच्यासारखं मुरावं लागतं, घाई केली की मधला गाभा कच्चा राहतो.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची, म्हणजे क्रोमची, पद्धत १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी पेटंट केली. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण दोन्ही बाजूंचे लोक चुकीचं बोलतात. ‘क्रोम म्हणजे विष’ हे खरं नाही. चामड्यात वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. घातक असतं ते षट्संयुजी, आणि ते काम बिघडल्यावर किंवा चामडं चुकीच्या तऱ्हेने साठवल्यावर तयार होऊ शकतं. सांडपाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. ‘झाडाचं म्हणजे निरुपद्रवी’ हेही तितकंच चूक. सालीचं पाणीही ओढ्यात सोडलं तर मासे मारतं. बुटाच्या वरच्या भागाला, जॅकेटला मी स्वतः क्रोम सुचवतो. ते मऊ, हलकं असतं आणि उकळत्या पाण्यातही टिकतं. सालीने कमावलेलं चामडं मात्र त्याच पाण्यात आकसून वळतं. तुकडा उकळून पाहणं ही जुनी परीक्षा यावरच आधारलेली आहे.

पण कोल्हापुरीला क्रोम चालत नाही. तिच्या तळाला ठोकून दाबावं लागतं. तो तळ घाम शोषतो आणि पायाचा ठसा घेऊन तसाच राहतो. क्रोमचं चामडं दाबलं तरी परत फुगतं, ठसा धरत नाही. शिवाय या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने ती शिवतात. त्यामागे मला कारण दिसतं. लोखंड आणि सालीतलं टॅनिन एकत्र आलं, वर ओल मिळाली, की काळा डाग पडतो आणि तो सहजासहजी निघत नाही. म्हणजे चपलेची रचनाच कमावणीतून आली आहे. सालीचं चामडं काढून घेतलं तर उरतो तो नुसता आकार, आणि आकार मिलानलाही काढता येतो.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. मानांकनाने नावाला संरक्षण मिळालं. सालीने कमावणारे हात मात्र त्याने वाढले नाहीत. कमावणी परंपरेने ढोर समाजाकडे, चप्पल चर्मकार समाजाकडे. वेणी आणि शिलाईचा मोठा भाग घरातल्या बायकांकडे. दुर्गंध, चुन्याने फुटलेले हात आणि गावाबाहेरची वस्ती एवढंच या ज्ञानाच्या बदल्यात समाजाने दिलं. त्यांच्या मुलांनी हा धंदा सोडला, तर त्यांना ‘परंपरा जपा’ असं सांगायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. त्यात कच्चा मालही बदलला. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हापासून भिस्त म्हशीच्या कातड्यावर वाढली. ते जाड, तळाला उत्तम, पण पट्ट्यासाठी फार तासावं लागतं.

राहिलं फिनिशिंग. गिऱ्हाइकाला डाग नको असतो. गोचिडाचे ठिपके, काट्याचा ओरखडा, जोखडाची खूण दिसली की तो माल बाजूला सारतो. मग कारखाना दाणे घासून काढतो, वर रंगाचा जाड थर चढवतो, आणि आपण त्या गुळगुळीतपणाला दर्जा म्हणतो. सालीच्या चामड्याला याची गरज नाही. कड ओली करून लाकडाने घासावी, हलका तेलाचा हात द्यावा, उन्हात न ठेवता सावलीत वाळवावं. वापराने त्याचा रंग गडद होत जातो.

तेव्हा वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कोल्हापूरला चप्पल लाइनमध्ये गेलात, तर घासाघीस करण्याआधी तळाची कड पाहा. तपकिरी रंग आरपार आहे की मध्ये क्रोमची निळसर-राखी पट्टी दिसते, ते बघा. मग दुकानदाराला विचारा, हे चामडं कुठे आणि कुणी कमावलं? त्याने नाव-गाव सांगितलं आणि कड पटली, तर तो म्हणेल ती किंमत द्या.