‘अमेरिका’ जहाज आणि नगरचे तीन आठवडे

तिसगावच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे कोणास थोडे विचित्र वाटेल. नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमचे हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशातले. येथे पाण्याचा विषय निघाला की तो विहिरीचा, पाझर तलावाचा, नाहीतर टँकरचा. मुंबईचा धक्का येथून तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तथापि एका महासागरी जहाजाचा आणि आमच्या जिल्ह्याचा एके काळी निकटचा संबंध आला होता. त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘अमेरिका’ हे त्या जहाजाचे मूळ नाव. व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे ते बांधले गेले आणि ३१ ऑगस्ट १९३९ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या हस्ते त्याचे जलावतरण झाले. दुसऱ्याच दिवशी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. सुमारे २२० मीटर लांबीचे, बाराशे उतारूंना सुखाने नेणारे हे जहाज अटलांटिक ओलांडून युरोपला जाण्यासाठी निर्माण झाले होते. पण युद्धामुळे तो मार्गच धोक्याचा ठरला. दोन्ही कुशींवर भलेमोठे राष्ट्रध्वज रंगवून, आपण तटस्थ असल्याचे सर्वांना दिसावे अशा बेताने, ते काही महिने कॅरिबियन समुद्रात सहलकऱ्यांना हिंडवीत राहिले. जून १९४१ मध्ये अमेरिकन नौदलाने ते ताब्यात घेतले. शोभेचे सामान उतरले, करडा रंग चढला, झोपण्यासाठी माळ्यावर माळे बांधले गेले आणि नाव झाले ‘वेस्ट पॉइंट’.

आता नगरचा संबंध. ब्रिटिशांच्या अठराव्या डिव्हिजनमध्ये नॉरफोक, सफोक, केंब्रिजशायर या परगण्यांतील पुष्कळ तरुण होते. हा इंग्लंडचा सपाट, शेतीचा भाग. डिव्हिजनच्या खुणेवरही पवनचक्कीची पाती होती. ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीस हे लोक इंग्लंडातून निघाले. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात त्यांना अमेरिकन जहाजांवर चढविण्यात आले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. तरी तिची जहाजे ब्रिटिश सैनिक वाहत होती. ‘वेस्ट पॉइंट’ त्यांतलेच एक. ताफा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे चालला असताना ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि सगळा हिशेब बदलला. पश्चिम आशियाकडे निघालेल्या या सैन्याची एक ब्रिगेड ‘माउंट व्हर्नन’ या जहाजाने पुढे मलायाकडे गेली. उरलेले सैनिक २७ डिसेंबर १९४१ रोजी मुंबईस पोहोचले.

त्यांच्यापैकी काही तुकड्या आमच्या नगरला आल्या. दोन महिने जहाजाच्या पोटात कोंडलेल्या पायांना चालण्याची सवय पुन्हा लावायची होती. सुमारे तीन आठवडे त्यांनी येथे कवायत केली. जानेवारीतले नगर कसे असते, हे वाचकांना आम्ही काय सांगावे? पहाटे अंगावर घोंगडी हवी, दुपारी डोक्यावर टोपी हवी. ज्वारी निसवलेली, वाट धुळीने भरलेली. येथील उघड्या माळांवर ज्या युद्धाचा सराव करावा, ते त्यांच्या वाट्याला येणारच नव्हते. त्यांची गाठ रबराच्या मळ्यांशी आणि दलदलीशी पडायची होती.

जानेवारी १९४२ मध्ये त्यांना पुन्हा मुंबईस नेऊन जहाजांवर चढविण्यात आले. ‘वेस्ट पॉइंट’ आणि तिच्या जोडीची ‘वेकफिल्ड’ २९ जानेवारीस सिंगापूरला लागल्या. मलायाचा बहुतेक मुलूख तोवर हातचा गेला होता. दुसऱ्या दिवशी जपानी विमानांनी बंदरावर बाँब टाकले; ‘वेकफिल्ड’वर एक पडून पाच माणसे दगावली. सैनिक उतरवून रिकाम्या झालेल्या ‘वेस्ट पॉइंट’वर मग बाराशेहून अधिक माणसे घेण्यात आली. त्यांत सैनिकांची कुटुंबे होती, गोदीतले कामगार होते. ज्या शिडीने नगरचे पाहुणे खाली उतरले, त्याच शिडीने ही माणसे वर चढली आणि जहाज सुखरूप निघून गेले. आणखी सहा दिवसांनी मुंबईहूनच सैनिक घेऊन आलेले ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ सिंगापूरजवळ बाँबच्या माऱ्याने जळाले.

१५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले. जहाजावरून उतरून अवघे सतरा दिवस झाले होते. हजारो हिंदी शिपायांबरोबर ही पोरेही कैदी झाली. त्यांतील पुष्कळांना पुढे सयाम आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. त्या लोहमार्गावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले; आणि सक्तीने नेलेले आशियाई मजूर किती मेले, त्याचा आकडा त्याहून कितीतरी पटींनी मोठा आहे. मलायाच्या मळ्यांतले तमिळ मजूर त्यांत फार. त्यांच्या नावांच्या शिळा मात्र कोठे नाहीत. कैद्यांच्या आहेत: थायलंडमधील कांचनाबुरीच्या एकाच दफनभूमीत जवळजवळ सात हजार कबरी आहेत.

नगर आणि १९४२ साल म्हटले की आपणांस किल्ला आठवतो. ऑगस्टमध्ये तेथे आणलेले नेहरू, आझाद आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्या मातीवर ज्यांची पावले उमटली, ती परक्या मुलखातली शेतकऱ्यांची पोरे कोणाच्याच बखरीत नाहीत. सत्ता त्यांची होती, हे खरे. पण सत्तेने त्यांनाही कोठे विचारले होते?

जहाजाचे आयुष्य मात्र दीर्घ निघाले. युद्धाच्या काळात त्याने साडेतीन लाखांहून अधिक माणसे वाहिली. १९४६ मध्ये ते पुन्हा ‘अमेरिका’ झाले. १९६४ मध्ये ग्रीक मालकांनी ते विकत घेऊन ‘ऑस्ट्रेलिस’ नाव दिले, आणि नव्या संसाराच्या आशेने ऑस्ट्रेलियाला निघालेली कुटुंबे त्यातून जाऊ लागली. पुढे आणखी नावे बदलली, मालक बदलले. ग्रीसच्या किनाऱ्याशी ते वर्षानुवर्षे गंजत पडले. शेवटी तरंगते हॉटेल करण्यासाठी त्याला थायलंडला ओढून न्यायचे ठरले. होय, थायलंडलाच. वाटेत वादळात दोर तुटले आणि १८ जानेवारी १९९४ रोजी ते कॅनरी द्वीपसमूहातील फुएर्तेव्हेंतुरा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. दोन दिवसांत त्याचे दोन तुकडे झाले. मागचा भाग आधी गेला. पुढचा काही वर्षे लाटांत उभा होता, मग तोही कोसळला.