वारकरीबाबांचा प्रश्न

बी. ए. झाल्यावर पुण्याला जाऊन विद्यापीठात निरनिराळ्या धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायचे मी ठरविले, तेव्हा अब्बा काळजीत पडले. ते म्हणाले, "बेटा, दीन तू घरी शिकलास, मौलवीसाहेबांजवळ शिकलास. आता तिथे आणखी काय शिकणार? आहे ते इमान मात्र गमावून बसशील!"

मला उत्तर देता आले नाही.

पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हांला एक फरक समजावून सांगितला. घरी किंवा मदरशात आपण आपला धर्म आचरण्यासाठी शिकतो. विद्यापीठात दुसरा माणूस काय मानतो आणि का मानतो, हेही शिकतो. त्याचे म्हणणे आपल्याला पटलेच पाहिजे असे नाही; पण ते असे मांडावे, की ऐकून त्याने म्हणावे, "होय, हेच माझे म्हणणे!" सरांनी अल्-बेरूनीचे उदाहरण दिले. हा मुसलमान विद्वान संस्कृत शिकला, पंडितांना भेटला आणि सुमारे १०३० साली त्याने 'किताबुल हिंद' हा अरबी ग्रंथ लिहिला. हिंदूंची सारी मते त्याला मान्य नव्हती, तरी ती त्याने त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडली.

मला हे सोपे वाटले. वर्षअखेरीस मी पंढरीच्या वारीवर निबंध लिहिला. त्यात एक वाक्य होते, 'वारकरी पुण्य मिळविण्यासाठी चालतात.' सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारले, "कोणा वारकऱ्याला विचारलेस का?"

पावसाळ्याच्या तोंडी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यात आली. ती सासवडकडे निघाली, तेव्हा मीही दिवे घाटापर्यंत चालत गेलो. वाटेत एका वृद्ध वारकरीबाबांना मी माझे वाक्य ऐकविले. ते हसले. म्हणाले, "पोरा, माहेरी जाताना कुणी पुण्य मोजतं का? माउलीला भेटायचं, म्हणून जायचं." मग त्यांनी मलाच विचारले, "तुम्ही रोजे कशासाठी धरता?"

"फर्ज आहे म्हणून," मी म्हणालो.

"ते खरंच. पण रोजा सोडताना तुझ्या मनात काय येतं?"

मी गप्प झालो. लहानपणापासून मी रोजे धरीत होतो. पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

सुटीत घरी गेल्यावर मी तो अब्बांना विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पाण्याचा पहिला घोट घेताना मला अम्मी आठवते. १९७२ च्या दुष्काळात ती आम्हांला खाऊ घालायची आणि स्वतः उपाशी राहायची. रोजा धरला, की मला तिची भूक कळते."

इतकी वर्षे एका घरात राहूनही मी हे कधी ऐकले नव्हते. थोड्या वेळाने अब्बांनी विचारले, "असेच प्रश्न विचारायला शिकवतात का तिथे?"

मी मान हलविली.

"मग शीक," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही वेगळ्या धर्माचे कोणी राहत असेल. सणाच्या दिवशी त्याच्या मनात काय असते, हे त्यालाच विचारा. तोही तुम्हांला तेच विचारील. तुमचे उत्तर तयार आहे ना?