जो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका मुंजीसाठी वाराणसीला जाण्याचा योग आला. मावशीचं सासर ब्रह्मघाटावर. पेशवाईच्या काळापासून त्या भागात मराठी कुटुंबं राहत आली आहेत. घरात मराठी आणि गल्लीत पाऊल टाकलं की हिंदी!

माझा मावसभाऊ, आमचा दादा, कधीकाळी आखाड्यात जोडी फिरवायचा. आता मात्र चाळिशीच्या उंबरठ्यावरच तो थकलेला, चिडचिडा दिसत होता. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता.

मुंजीच्या आदल्या संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसलो असताना तो हळूच म्हणाला, ''कुणाला बोलू नकोस. वर्षभर मी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय.''

अंगात उत्साह नाही, पतीपत्नीच्या संबंधात मन लागत नाही, म्हणून तो एका डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी एकदाच, तेही संध्याकाळी, रक्त तपासलं आणि दर तीन आठवड्यांनी कमरेत सुई सुरू केली. ''पहिला आठवडा मी वाघ असतो रे, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मांजर. आता म्हणतो, सुई सोडून जेल लावावं.''

त्याची तक्रार खरी होती. त्या इंजेक्शनाने रक्तातलं हार्मोन एकदम वर चढतं आणि पुढची सुई येईपर्यंत उतरत जातं. रोज खांद्यावर चोळायच्या जेलने ते बरंचसं एका पातळीवर राहतं. दहा ते चौदा आठवडे पुरणारं इंजेक्शनही मिळतं. पण औषध बदलायचं ते तज्ज्ञाला विचारून, असा मी आग्रह धरला. मुंज आटोपल्यावर दादा, वहिनी आणि मी एका हार्मोनतज्ज्ञाकडे गेलो.

डॉक्टरांनी कागद चाळले आणि पहिलाच प्रश्न केला, ''तुम्हाला मूल हवंय का?''

दोघं एकमेकांकडे पाहतच राहिली. वर्षभरात हा प्रश्न दादाला कुणी विचारलाच नव्हता!

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम देते, तेव्हा तिथे टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू तयार होतात. हार्मोन बाहेरून आलं की ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे. ती हुकूम थांबवते आणि आतला कारखाना बंद पडतो. शुक्रजंतू अगदी शून्यावरही येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर याच हार्मोनची इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिली होती! सुईऐवजी जेल लावलं तरी हार्मोन तेच, म्हणून परिणामही तोच.

वहिनींचा चेहरा उतरला. त्याच वर्षी भाद्रपद शुद्ध षष्ठीला त्या दादाचा हात धरून भदैनीच्या लोलार्क कुंडात उतरल्या होत्या. मूल व्हावं म्हणून हजारो जोडपी त्या दिवशी तिथे स्नान करतात, ओले कपडे तिथेच सोडतात, एखादं फळ कायमचं वर्ज्य करतात. इकडे वहिनी नवस बोलत होत्या आणि तिकडे दादाच्या कमरेत सुई टोचली जात होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं. काही महिन्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी लवकर रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन कमीच होतं, पण दोष वृषणांचा नव्हता, वरून येणारा हुकूमच क्षीण होता. म्हणून तो हुकूम वाढवणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळ्या दिल्या. वजन कमी करायलाही बजावलं, कारण पोटावरची चरबीदेखील हे हार्मोन घटवते. गोळीचं नाव वाचून वहिनींना हसू आलं. बीजांड तयार व्हावं म्हणून पूर्वी त्यांनाही हीच गोळी दिली होती!

मूल झाल्यावर दादाला वाटलं तर जेल वापरता येईल. पण तेव्हाही ते लावल्यावर हात धुवावे लागतील, खांदा कपड्याने झाकावा लागेल. नाहीतर ते हार्मोन बायकोच्या, लेकराच्या अंगाला लागतं. शिवाय अधूनमधून रक्त तपासावं लागेल, कारण या उपचाराने रक्त प्रमाणाबाहेर दाट होऊ शकतं.

परवा वहिनींचा फोन आला. ''भाऊजी, ह्यांच्या तपासणीत शुक्रजंतू दिसायला लागले. अजून थोडे आहेत, पण आहेत.'' क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, ''सात वर्षं सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या. ह्यांना विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आणि ह्यांनीही सुईचं मला कधी सांगितलं नव्हतं.''

पाळणा अजून हललेला नाही. कदाचित हलेल, कदाचित नाही. पण आता औषधाची चिठ्ठी दोघं मिळून वाचतात. अशक्तपणाची लाज वाटून नवरा एकटाच गुपचूप सुई टोचून घेतो, तेव्हा त्याची किंमत दोघांना मोजावी लागते. म्हणून डॉक्टरांच्या खोलीत जाताना दोघांनी जावं आणि त्यांनी विचारलं नाही तर आपणच सांगावं, ''आम्हाला मूल हवंय.''