पश्चिमेला उगवणारा सूर्य

बदलापुरात सूर्य पश्चिमेला उगवतो. थट्टा नाही. मुंबईकडून आलेले रूळ कल्याण सोडलं की आग्नेयेला वळतात, पण रुळांच्या डाव्या हाताला ‘पश्चिम’ आणि उजव्या हाताला ‘पूर्व’ म्हणायची सवय काही वळत नाही. म्हणून सकाळचं पहिलं ऊन बदलापूर पश्चिमेकडून, उल्हास नदीवरून येतं आणि हिवाळ्यातली संध्याकाळ पूर्वेकडच्या डोंगरांआड जाते. इंडिकेटरकडे डोळे लावून बसलेल्याला हे कळायचं कारण नाही. कॅमेरा घेऊन निघालेल्याला मात्र उजेड कुठून येतो हे आधी बघावं लागतं.

या पट्ट्याकडे निसर्ग बघायला कुणी येत नाही. उल्हासनगर म्हणजे कॅम्प. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती, 1949 मध्ये नदीवरून मिळालेलं नाव आणि मग जीन्स, फर्निचर. अंबरनाथ म्हणजे एमआयडीसी. बदलापूर म्हणजे परवडणारा फ्लॅट आणि न परवडणारी गर्दी. कॅमेरे असतात ते माथेरानला जायला नेरळला उतरणाऱ्यांच्या गळ्यात. पण मलंगगड, ताहुली, चंदेरी ही माथेरानशी नातं सांगणारी रांग बदलापूरच्या पुलावरून फुकट दिसते! पाऊस दोन तास थांबला की ढग कमरेपर्यंत उतरतात, वर चंदेरीचा सुळका तेवढा उरतो आणि खाली ‘डाऊन कर्जत’साठी धावणारी माणसं. मला तर तो सुळका माणसांशिवाय अर्धाच वाटतो.

अंबरनाथचं शिवमंदिर मी पावसातच टिपतो. शके 982चं, म्हणजे इ.स. 1060चं हे शिलाहारांचं देऊळ उन्हाळ्यात करडं, थकलेलं दिसतं. चार सरी पडल्या की तोच दगड काळाभोर होतो, भिंतींवरच्या सुरसुंदरींच्या कोपरांवरून, हनुवटीवरून पाणी ठिबकायला लागतं आणि झिजलेले चेहरे पुन्हा उठून दिसतात. भिंग जवळ नेलं तर एका कोपराच्या बेचक्यात नखाएवढं शेवाळ आणि त्यावर थरथरणारा थेंब. शेजारून वालधुनी वाहते. जीन्स रंगवण्याचे कारखाने जोरात असताना तिचं पाणी खाली उल्हासनगरात रंगीत व्हायचं. इतकी सुंदर वास्तू आणि इतकी गांजलेली नदी एकाच चौकटीत सहसा कुणी घेत नाही. पाठ फिरवली की नदी वगळता येते, तेवढी सोय देवळाच्या आवारात आहे.

उल्हास नदीवर ती सोय मिळत नाही.

म्हारळ-कांबा बाजूला, हिवाळा सरता सरता, नदी दिसेनाशी होते आणि तिच्या जागी हिरवंगार कुरण दिसतं. त्यावर फिकट जांभळे तुरे. नवखा माणूस हटकून थांबतो, मोबाइल काढतो. मीही थांबतो. काठावर बसून भिंग एका फुलावर रोखलं की सहा पाकळ्या दिसतात. पाच साध्या. वरची सहावी मात्र नटलेली: मधोमध हळदीचा ठिपका, त्याभोवती निळं वलय, मग जांभळ्या शिरा. हुबेहूब मोरपिसाचा डोळा. देठ फुगीर, आतून स्पंजासारखा, त्याच्याच जोरावर सगळं झाड तरंगतं. मध्येच एखादा कमळपक्षी लांबच लांब बोटं पसरून, पानापानांवर पाय टाकत, पाणी कुठे आहे याचा विचारही न करता निघून जातो. फ्रेम सुरेख येते.

ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेची म्हणून जगभर नेली गेली आणि आता निघता निघत नाही. नदीत सांडपाणी जितकं जास्त, तितकं तिचं पोषण जास्त. पाण्यावर जाड गादी पसरली की ऊन खाली पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. म्हणजे मी ज्या रंगावर भाळतो, तो आपल्याच मोऱ्यांनी पोसलेला आहे. आणि याच नदीचं पाणी उचलून, शुद्ध करून, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवलीच्या नळांना सोडतात.

यावर माझ्या एका छायाचित्रकार मित्राचं म्हणणं असं, की फूल सुंदर आहे ना, मग त्याचं गोत्र कशाला विचारायचं? मला हे पटत नाही. फूल सुंदर आहे हे खरंच, आणि तो फोटो मी पुसणारही नाही. पण त्याच जागेवरून, भिंग बदलून, दुसरा फोटो घ्यायचा असं ठरवून टाकलंय: पूल, काठावरचा कचरा, नाल्याचं तोंड आणि त्या सगळ्यात ठिपक्याएवढी जांभळी फुलं. कुणाला पाठवायचे तर दोन्ही बरोबरच पाठवतो. पहिल्याला ‘वा!’ येतं, दुसऱ्याला बहुधा काहीच येत नाही.

तुम्ही उल्हासकाठी राहत असाल तर एवढं करा. महागडा कॅमेरा नको, मोबाइल पुरे. एखादी जागा धरा आणि दर महिन्याला तिथूनच नदीचा एक फोटो काढा, रुंद, काही न कापता. त्यावर तारीख घाला आणि जपून ठेवा.